चार गॉब्लिन किती अवघड? नव्या डीएमसाठी लढतीचं गणित

पहिल्या लेव्हलचे चार खेळाडू आणि समोर चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४चं डंजन मास्टर्स गाइड घेऊन हिशोब केलात तर उत्तर येतं ‘डेडली’, म्हणजे कोणाचा तरी जीव जाऊ शकतो अशी लढत. हाच हिशोब २०२४च्या नव्या गाइडवरून केलात तर उत्तर येतं ‘लो’, म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. गॉब्लिनचा सीआर (मॉन्स्टर किती अवघड याचा आकडा) दोन्हीकडे पाव आणि एक्सपी (त्याला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) दोन्हीकडे ५०. मग नव्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, विश्वास कोणावर ठेवायचा?

दोन्हींवर थोडाथोडा. एक्सपीचं बजेट ही फक्त पहिली चाळणी आहे. लढत प्रत्यक्षात किती अवघड जाणार हे कळायला दोन प्रश्न विचारावे लागतात: ही लढत किती राउंडमध्ये (प्रत्येकाची एकेक टर्न झाली की एक राउंड) संपेल, आणि आपल्यातला सगळ्यांत नाजूक खेळाडू किती फटक्यांत पडेल? या दोन प्रश्नांची उत्तरं काढता आली की पुस्तकातला तक्ता जवळ नसला तरी फारसं अडत नाही.

हा लेख ग्रुपने ज्याला ‘तूच हो डीएम’ म्हणून खुर्चीवर बसवलंय त्याच्यासाठी आहे. पहिल्या ते पाचव्या लेव्हलपुरतंच बोलतो, कारण नवे ग्रुप तिथेच खेळतात आणि तिथेच सर्वाधिक गडबड होते. महागडी पुस्तकं घ्यायलाच हवीत असं नाही. जानेवारी २०२३मध्ये नियमांचा मूळ गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. खाली मॉन्स्टरांचे जे आकडे दिलेत ते त्यातलेच आहेत.

पायरी १: आधी आपली माणसं मोजा

मॉन्स्टरांची यादी उघडण्याचा मोह आवरा. आधी सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट मागून घ्या आणि एका कागदावर प्रत्येकाचे चार आकडे लिहा: एसी (फटका लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा), एचपी (जिवाचे गुण, शून्य झाले की माणूस पडतो), हल्ल्याचा बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा) आणि एका टर्नमधलं सरासरी डॅमेज (फटक्याने कमी होणारे एचपी). सरासरी काढणं सोपं आहे: सहा बाजूंच्या फाशाची साडेतीन, आठची साडेचार, दहाची साडेपाच, बाराची साडेसहा. कागदाच्या तळाशी दोन नोंदी करा. एकाच वेळी अनेकांना लागेल असं स्पेल (जादूचा मंत्र) कोणाकडे आहे? आणि पडलेल्याला उठवू कोण शकतं?

या लेखापुरता आपण एक साधा ग्रुप धरू:

- फायटर (योद्धा): एसी १८, एचपी १२
- क्लेरिक (बरं करू शकणारा पुजारी): एसी १८, एचपी १०
- रोग (चोर): एसी १४, एचपी ९
- विझर्ड (जादूगार): एसी १२, एचपी ७

हल्ल्याचा बोनस सगळ्यांचा +५ आणि क्लेरिकच्या स्पेलचा सेव्ह १३, म्हणजे त्यातून सुटायला शत्रूला फासा आणि बोनस मिळून १३ लागतात. विझर्डचे ते सात एचपी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पायरी २: बजेट काढा, पण त्यात अडकू नका

२०१४च्या पद्धतीत प्रत्येक खेळाडूसाठी चार मर्यादा आहेत. पहिल्या लेव्हलला त्या २५, ५०, ७५ आणि १०० एक्सपी: सोपी, मध्यम, अवघड, डेडली. चार खेळाडू असले की १००, २००, ३००, ४००. मग मॉन्स्टरांच्या एक्सपीची बेरीज करायची आणि त्यांच्या संख्येनुसार गुणायचं. एकच असेल तर गुणाकार नाही, दोघांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट, सात ते दहांना अडीचपट. चार गॉब्लिनचे २०० एक्सपी दुप्पट होऊन ४०० झाले आणि थेट डेडलीवर जाऊन टेकले. तुमच्या टेबलावर सहा किंवा अधिक खेळाडू असतील तर गुणाकाराची एक पायरी खाली उतरायचं, तिघांपेक्षा कमी असतील तर एक वर चढायचं.

२०२४मध्ये हा गुणाकारच काढून टाकला. पहिल्या लेव्हलला प्रत्येकी ५०, ७५ आणि १०० एक्सपी, आणि पायऱ्या तीनच: लो, मॉडरेट, हाय. चौघांचं लो बजेट २००, आपल्या गॉब्लिनांची बेरीज २००, की झालं. जोडीला पुस्तक एक इशारा देतं: प्रत्येक खेळाडूमागे दोनपेक्षा जास्त मॉन्स्टर घालताना सांभाळून.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन लेव्हलना जुना गुणाकार जवळ ठेवा, तिसरीपासून तो सोडून दिलात तरी चालेल. पहिल्या लेव्हलला शत्रूची प्रत्येक जादा टर्न म्हणजे कोणाचं तरी पडणं असू शकतं. पाचव्या लेव्हलच्या विझर्डसमोर मात्र सात गॉब्लिन म्हणजे एका फायरबॉलचा विषय, सरासरी २८ डॅमेज, आणि तिथे अडीचपट गुणून भलतंच उत्तर येतं.

पायरी ३: दोन आकडे

आता खरं काम. कागद समोर घ्या.

गॉब्लिनचा एसी १५, एचपी ७. +५ बोनसवर आपल्याला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. फायटरची तलवार लागली तर साडेसात, पण न लागण्याची शक्यता धरून एका टर्नमागे चारच्या आसपास. रोगचं स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा डॅमेजचा हल्ला) जमलं तर साडेपाच, विझर्डच्या फायर बोल्ट स्पेलचे तीन, क्लेरिकच्या सेक्रेड फ्लेमचे दोन-सव्वादोन. बेरीज राउंडला साधारण १५. चार गॉब्लिनांचे एचपी मिळून २८, म्हणजे कागदावर दोन राउंड. प्रत्यक्षात तीन लागतात, कारण सात एचपीच्या गॉब्लिनवर दहा डॅमेज पडलं की वरचे तीन वाया जातात. तो हिशोबात न येणारा अपव्यय नेहमी धरा.

तीन राउंड. उत्तम. माझ्या मते बहुतेक लढतींचं माप तीन ते चार राउंड हेच असावं. दोनात संपली तर लुटुपुटूची वाटते, सहाच्या पुढे गेली की अर्धे लोक मोबाइल काढतात.

आता दुसरा आकडा. गॉब्लिनचा बोनस +४, लागला तर सहाचा एक फासा अधिक दोन, सरासरी साडेपाच. फायटरच्या एसी १८ला लागायला १४ हवेत, म्हणजे ३५ टक्के. विझर्डच्या एसी १२ला ८ पुरतात, म्हणजे ६५ टक्के. सात एचपीचा विझर्ड दोन फटक्यांत जवळजवळ नक्की पडतो, आणि फाशावर ५ किंवा ६ आले तर एकाच फटक्यात. म्हणजे चारही गॉब्लिनांनी विझर्डला धरलं तर तो पहिल्याच राउंडला जमिनीवर असण्याची शक्यता मोठी. त्यांनी फायटरला धरलं तर चौघांचे मिळून एक-दीड फटके लागतील आणि फायटर उभाच राहील.

इथेच दोन्ही पुस्तकांतला फरक उलगडतो. लढत डेडली आहे की लो, हे बरंचसं गॉब्लिन कोणावर धावून जातात यावर ठरतं, आणि ते ठरवणारे तुम्ही.

आता गॉब्लिन काढून चार लांडगे ठेवा. सीआर तोच पाव, एक्सपी तेच ५०, बजेटमध्ये काडीचा फरक नाही. पण लांडग्याचा चावा सरासरी सात, आणि शेजारी दुसरा लांडगा असला की पॅक टॅक्टिक्समुळे ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. विझर्डला लागण्याची शक्यता ६५ टक्क्यांवरून ८८वर जाते. फायटरला ३५वरून ५८. विझर्डवर चालून आलेल्या एका गॉब्लिनचं टर्नमागे सरासरी डॅमेज साडेतीनच्या आसपास, लांडग्याचं सहाच्या वर. शिवाय सेव्ह हुकला तर चावलेला माणूस आडवा पडतो आणि मग बाकीच्यांचं आणखी फावतं. लांडग्याचा एसी १३च आहे, पण एचपी ११. कागदावर जुळी भावंडं वाटणाऱ्या या दोन लढतींत लांडग्यांची लढत कितीतरी जास्त रक्त काढते.

म्हणून सीआर बघून थांबू नका. प्रत्येक मॉन्स्टरसाठी ‘विझर्डला लागला तर किती, आणि किती वेळा लागेल’ हा हिशोब एकदा तरी मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: एकटा मोठा शत्रू

नव्या डीएमला पहिल्या मोहिमेच्या शेवटी एक दांडगा खलनायक हवाच असतो. हौस रास्त आहे, पण तो एकटा उभा केला की लढत दोनपैकी एका टोकाला जाते.

पहिलं टोक: ओगर. सीआर २, ४५० एक्सपी, एसी ११, एचपी ५९. आपला ग्रुप त्याला राउंडला २० डॅमेज देतो, म्हणजे तीन राउंड. छान वाटतंय? आता दुसरा आकडा काढा. त्याचा सोटा +६वर लागतो आणि आठचे दोन फासे अधिक चार, सरासरी १३ डॅमेज करतो. फायटरचे १२ एचपी एका फटक्यात गेले. विझर्डचं तर काही विचारूच नका. नियम असा आहे: तुम्ही शून्यावर आल्यावर उरलेलं डॅमेज तुमच्या कमाल एचपीइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) वगैरे काही नाही, जागीच मृत्यू. सात एचपीच्या विझर्डसाठी ती रेषा १४. ओगरच्या दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त आली की १४ होतात, आणि ६४ शक्यतांपैकी २८ वेळा तसं होतं. म्हणजे ओगरचा सोटा विझर्डला लागला तर शंभरात जवळपास ४४ वेळा तो जागीच ठार. क्लेरिकला धावत येऊन वाचवायचीही संधी नाही. पहिल्या लेव्हलला ओगर आणायचाच असेल तर तो विझर्डपर्यंत पोचणार नाही अशी जागा निवडा, किंवा त्याच्या हातात सोट्याऐवजी कमी डॅमेजचं काहीतरी द्या.

दुसरं टोक उलटं. पाचव्या लेव्हलच्या चौघांसमोर एक ट्रोल, सीआर ५, १८०० एक्सपी. पाहायला भयंकर, पण २०१४च्या मोजणीत त्याची लढत सोप्या गटात पडते, कारण चौघांची मध्यमची मर्यादा २००० आहे. वर मनावरच्या स्पेलना तोंड देणारा त्याचा विझ्डम सेव्ह उणे एक. विझर्डने हिडिअस लाफ्टर टाकलं, सेव्ह १५, की चारपैकी तीन वेळा ट्रोल पोट धरून जमिनीवर लोळतोय. डॅमेज बसलं की त्याला पुन्हा सेव्ह मिळतो हे खरं, पण तोवर त्याची एक टर्न गेली असेल तर मोठ्या शत्रूचा अख्खा राउंडच गेला.

कबड्डीत चढाई करणारा कितीही तगडा असू दे, सातजणांनी साखळी करून घोटा धरला की खेळ खलास. एकट्या मॉन्स्टरचं नेमकं हेच होतं: राउंडमध्ये त्याची टर्न एक, खेळाडूंच्या चार. मोठ्या ड्रॅगनांना लेजेंडरी ॲक्शन (जादा हालचाली) आणि लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह जमवून घ्यायची सोय) दिलेत ते यासाठीच. लहान लेव्हलला यावर तीन उपाय आहेत आणि मला त्यातला पहिला सगळ्यांत आवडतो.

सोबतीला हलके साथीदार द्या. ओगरऐवजी एक बगबेअर, सीआर १, आणि तीन गॉब्लिन. बेरीज ३५० एक्सपी, दुप्पट केली तर ७००. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांना ही अवघड लढत आहे, डेडली नाही. पहिल्या लेव्हलला मात्र आणू नका: बगबेअरचा फटका सरासरी ११, आणि दबा धरून बसला असेल तर त्यावर आणखी सात.

नाहीतर मोठ्या शत्रूला राउंडमध्ये दोन टर्न द्या, एक त्याच्या इनिशिएटिव्हवर (कोणाची टर्न आधी हे ठरवणारा आकडा) आणि दुसरी त्यातून दहा वजा करून, पण प्रत्येक फटक्याचं डॅमेज निम्मं करा. एकूण मारा तितकाच राहतो, फक्त एका फटक्यात कोणी मरत नाही आणि एका स्पेलने तो संपत नाही. तिसरा उपाय, म्हणजे नुसते एचपी वाढवणं, सगळेच करतात आणि तोच सर्वांत वाईट. लढत अवघड होत नाही, नुसती लांबते.

पायरी ५: सीआरवर विश्वास न ठेवायचे काही जण

काही मॉन्स्टर डॅमेजच्या गणितात बसतच नाहीत. शॅडोचा सीआर अर्धा, एचपी १६, दिसायला किरकोळ. पण त्याचा प्रत्येक फटका स्ट्रेंग्थमधून एक ते चार अंक खातो, आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की माणूस मेला. आठ स्ट्रेंग्थवाला विझर्ड नशीब फिरलं तर दोन फटक्यांत जाईल, त्याचे एचपी शिल्लक असले तरी. वर जादू नसलेल्या शस्त्रांचं निम्मंच डॅमेज त्याला लागतं. घूलचा सीआर एक. त्याच्या नखांनी माणूस जागच्या जागी गोठतो, आणि गोठलेल्या माणसाला शेजारून बसलेला प्रत्येक फटका क्रिट (डॅमेजचे दुप्पट फासे टाकायचा फटका) धरतात. एल्फ खेळाडू मात्र यातून सुटतो. बनशी या भुताचा आक्रोश एका सेव्हवर सगळ्या ग्रुपला शून्यावर आणू शकतो.

मॉन्स्टरच्या माहितीत ‘पॅरालाइज्ड’, ‘शून्य एचपी’ किंवा एखादं ॲबिलिटी कमी होण्याची भाषा दिसली की थांबा आणि ग्रुपच्या कागदाकडे पाहा. त्याला तोंड देईल असं कोणाकडे काही आहे का? क्लेरिक नसलेल्या ग्रुपवर तीन शॅडो सोडणं मी तरी टाळेन.

पायरी ६: जागा

इथे डीएम लोक सर्वांत कमी लक्ष देतात. तेच चार गॉब्लिन मोकळ्या माळावर उभे केले तर किरकोळ. तेच कड्यावर दगडाआड धनुष्य घेऊन बसवले की सगळं पालटतं. अर्ध्या आडोशाला एसीमध्ये दोन मिळतात, पाऊण आडोशाला पाच. एसी १५चा गॉब्लिन पाऊण आडोशाला गेला की २०चा होतो आणि आपली लागण्याची शक्यता ५५वरून ३० टक्क्यांवर येते. म्हणजे लढत जवळपास दुप्पट लांबली, आणि तेवढा वेळ बाण येतच राहणार. त्यांच्या धनुष्याचा साधा पल्ला ८० फूट. कड्यावर चढायची वाटच नसेल तर फायटर नुसता खाली उभा राहून वर बघत बसेल, आणि त्याचा खेळाडूही.

दबा धरून केलेला हल्ला आणखी वाईट. २०१४च्या नियमांत अवचित गाठलेल्याची पहिली टर्न वाया जाते. इनिशिएटिव्हही गॉब्लिनांनाच लागलं तर खेळाडूंचा पहिला फासा पडायच्या आत आठ बाण सुटलेले असतात. २०२४मध्ये हे सौम्य करून फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान धरायचा) ठेवलंय. तुम्ही जुन्या नियमांनी खेळत असाल तरी हा बदल उचला, नव्या ग्रुपसाठी बराच न्याय्य आहे.

जागा खेळाडूंच्या बाजूनेही वापरा. लपायला उलटी पडलेली बैलगाडी, ढकलायला कड्यावरचा सैल दगड, अडवायला अरुंद दार. प्रत्येक लढतीत खेळाडूंच्या उपयोगी पडेल असं निदान एक काहीतरी असू द्या आणि जागेचं वर्णन करताना त्याचा उल्लेख करा. ते त्यांनी वापरलं नाही तर तो त्यांचा प्रश्न.

पायरी ७: दिवसभराचा हिशोब

२०१४चं गाइड गृहीत धरतं की एका दिवसात, म्हणजे दोन लाँग रेस्टच्या मध्ये, सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती होतील आणि मध्ये दोनदा शॉर्ट रेस्ट मिळेल. रविवारी दुपारी तीन तास जमणारा कोणता ग्रुप सहा लढती खेळतो? एक, फार तर दोन. परिणाम असा की विझर्ड आणि क्लेरिक प्रत्येक लढतीत सगळी स्पेलं उधळतात, आणि रात्री झोपून परत भरून घेतात. तुम्ही ‘मध्यम’ म्हणून बेतलेली लढत मग त्यांना लुटुपुटूची वाटते. बेतताना चुकलं असं नाही, खेळाडूंचं सामानच संपलेलं नव्हतं.

यावर उपाय दोन. दिवसात एकच लढत होणार असेल तर तिला एक पायरी वर न्या. किंवा, मला जास्त पटणारा, सेशन संपला तरी दिवस संपू देऊ नका. लाँग रेस्ट आठ तासांचा असतो. गुहेत शत्रू फिरत असताना आठ तास कोण झोपू देईल? दोन-तीन सेशनमध्ये पसरलेला एकच दिवस खेळा आणि प्रत्येकाने आपली उरलेली स्पेलं वहीत लिहून ठेवायची. त्याने स्पेलना किंमत येते.

पायरी ८: टेबलावर हात कुठे घालायचा

इतकं करूनही फासे आपल्या मनासारखे पडत नाहीत. लढत सुरू झाल्यावर अवघडपणा बदलायची साधनं आधीच खिशात असायला हवीत, ऐन वेळी सुचत नाहीत.

फासे लपवून खोटं सांगण्याच्या मी विरोधात आहे. खेळाडूंना ते एकदा कळलं की पुढच्या कुठल्याच क्रिटवर कोणी ओरडत नाही. त्याऐवजी हे करा.

एचपीची रेंज वापरा. गॉब्लिनचे ७ एचपी ही सहाच्या दोन फाशांची सरासरी आहे. दोनपासून बारापर्यंत काहीही नियमात बसतं. ओगरचे ५९ म्हणजे दहाचे सात फासे अधिक २१, म्हणजे २८ ते ९१. कोणता गॉब्लिन मरतुकडा आणि कोणता चिवट हे पहिला फटका बसण्याआधी ठरवा आणि मग बदलू नका.

शत्रूला लाटांमध्ये आणा. तीन समोर, दोन मागे. पहिले तीन भारी पडत असतील तर मागचे दोन कुठेतरी दारू पिऊन झोपलेले आहेत असं समजायचं, कोणालाच ते कळत नाही. दुसऱ्या लाटेचा आणखी एक उपयोग आहे. २०१४चं स्लीप स्पेल पहिल्या लेव्हलला सरासरी साडेबावीस एचपी झोपवतं, आणि तीन गॉब्लिनांचे होतात २१. विझर्डला त्याचा तो क्षण मिळू द्या, टाळ्या वाजू द्या. मग झाडीतून शिटी ऐकू येऊ द्या.

शत्रूंना जिवाची काळजी असू द्या. १९८१च्या बेसिक नियमांत मोरालची, म्हणजे शत्रूच्या धीराची, तपासणी होती: बाजूचा पहिला माणूस पडला की एकदा, निम्मे पडले की एकदा, दोन फासे टाकायचे, आणि बेरीज मोरालच्या आकड्याच्या वर गेली की पळ. २०१४च्या गाइडमध्येही असा ऐच्छिक नियम आहे, दहाचा विझ्डम सेव्ह. गॉब्लिनांचा म्होरक्या पडल्यावर उरलेले दोघे शेवटपर्यंत का लढतील? एकाने धनुष्य टाकून हात जोडले, ‘मारू नका, गुहेचं मागचं दार दाखवतो’, की लढत दोन राउंड आधी संपली आणि गोष्टही पुढे सरकली.

आणि खेळाडूंना मारणं हाच शत्रूचा हेतू असायला हवा असं कुठे आहे? लांडग्यांना एक खेचर मिळालं तरी पुरे. डाकूंना पैसे हवेत, खंडणीसाठी जिवंत माणूस हवा. सगळेच्या सगळे शून्यावर आले तर बांधलेल्या हातांनी कोठडीत जागे होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र टेबलावर सुधारता येत नाही: खेळाडू पळत नाहीत. तुम्ही मुद्दाम हाताबाहेरचा शत्रू ठेवलात आणि ‘ते समजून पळतील’ अशी आशा केलीत, तर ते समजणार नाहीत. नव्या खेळाडूला वाटतं की समोर आलंय म्हणजे मारायचंच आहे. शिवाय गॉब्लिनचा आणि माणसाचा वेग सारखाच, ३० फूट, आणि पाठ फिरवली की आयता फटका. म्हणून धोका आधीच दाखवा, तोही ठोस. ‘आतून भयंकर आवाज येतोय’ याने काही होत नाही. ‘दाराशी एका सैनिकाचं प्रेत आहे. त्याची लोखंडी ढाल मधोमध दुमडली आहे, एकाच फटक्यात’ हे ऐकल्यावर फायटर आपली ढाल बघतो. आणि पळायला वाट ठेवा: पाडता येईल असा झुलता पूल, लावून घेता येईल असं जाड दार.

पायरी ९: पहिल्या सेशनसाठी एक तयार लढत

जंगलातली वाट, मध्ये ओढा, ओढ्यावर लाकडी पूल. पलीकडे दोन गॉब्लिन धनुष्य घेऊन झाडांआड, अर्धा आडोसा. एक पुलाखाली तलवार घेऊन. अलीकडे उलटलेली गाडी, तिच्याआड लपता येतं. तीन गॉब्लिन म्हणजे १५० एक्सपी: जुन्या मोजणीत बरोबर ३००, ‘अवघड’, नव्या मोजणीत लोच्याही खाली. चांगली मधली जागा.

मागे आणखी दोन राखीव. दुसरा राउंड संपताना एकही खेळाडू निम्म्या एचपीच्या खाली नसेल तर ते तिसऱ्यात येतात, नाहीतर येतच नाहीत. पुलाखालचा चिवट आहे, दहा एचपी, आणि तोच म्होरक्या. तो पडला की बाकीच्यांचा सेव्ह. पहिले दोन राउंड बाण वेगवेगळ्या लोकांवर सुटतात, विझर्डवर एकत्र नाही. गॉब्लिन काही एवढे शिस्तीचे नसतात. तिसऱ्यापासून जो जास्त त्रास देतोय त्याच्यावर.

सहा खेळाडू असतील तर पलीकडे एक गॉब्लिन वाढवा, तिघेच असतील तर राखीव काढून टाका.

लढत संपली की खेळाडू लूट वाटत असताना तीन गोष्टी लिहून घ्या: राउंड किती झाले, शून्यावर कोण आलं, स्पेलं किती उरली. तीन राउंडच्या आत संपली, कोणी पडलं नाही आणि स्पेलंही उरली, तर पुढच्या वेळी एक शत्रू वाढवा. एकजण पडून उठला आणि स्पेलं संपत आली तर माप जमलंय. दोघे पडले तर पुढची लढत हलकी ठेवा आणि मध्ये शॉर्ट रेस्टला जागा द्या. हे आकडे तीन-चार लढतींचे जमले की तुमच्या ग्रुपचा अंदाज कुठल्याही तक्त्यापेक्षा तुम्हालाच जास्त येतो. पाचव्या लेव्हलला मात्र पुन्हा पहिल्या पायरीवर या: फायटरला दुसरा हल्ला मिळतो, विझर्डला फायरबॉल, आणि मध्यम लढतीची प्रत्येकी मर्यादा २५०वरून एकदम ५०० होते. जुनी वही तिथे चालत नाही.